बदलास विरोध कोणाचा?

संस्थेत नवी पद्धत येऊ घातली की कर्मचाऱ्यांच्या नाराजीस ‘विरोध’ हे एकच नाव देऊन मोकळे होण्याची चालकांची सवय जुनी आहे. ही सवय आम्हांस घातक वाटते. एकच बदल प्रत्येकजण आपापल्या जागेवरून पाहतो, आणि जागा सारख्या नसतात.

याचा दाखला आपल्याच चळवळीच्या इतिहासात आहे. १९२८ साली मुंबईच्या कापड गिरण्यांतील सुमारे दीड लाख कामगारांनी संप केला. तो जवळजवळ सहा महिने चालला. काही गिरण्यांत मालकांनी कार्यक्षमतेच्या नावाने विणकराकडे दोनऐवजी तीन माग सोपविण्यास आरंभ केला होता. मालकांस तो खर्चाचा सरळ हिशेब वाटे. विणकरास आपली मजुरी व शेजाऱ्याची नोकरी जाताना दिसे.

आणि अस्पृश्य कामगारास काय दिसत होते? अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात त्याला प्रवेशच नव्हता. धोट्यात नवी कांडी घातली की तिचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि विटाळाच्या कल्पनेमुळे सवर्ण विणकर त्याला तेथे येऊ देत नसत. ज्या खात्याचे दार आपल्याला बंद, त्या खात्याच्या मजुरीसाठी त्याने सहा महिने उपाशी राहावयाचे! परमपूज्य बाबासाहेबांनी संपाच्या नेत्यांस स्पष्ट बजावले की, सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क मागण्यांत घाला, अन्यथा आम्ही आमच्या लोकांस संपापासून परावृत्त करू. नेत्यांनी नाखुशीने ते मान्य केले. मालकांपुढे ती मागणी गेली तेव्हा, हा अन्याय असेल तर त्याचे जबाबदार आम्ही नव्हे, असे त्यांनी सुनावले. उत्तर कडवट होते, पण पुरते खोटे नव्हते. १९२९ च्या संपास बाबासाहेबांनी विरोध केला, त्याचा विचारही या पार्श्वभूमीवरच व्हावा.

भिक्खुसंघात महत्त्वाच्या निर्णयासाठी ज्ञप्ती मांडून संघास तीन वेळा विचारीत; मौन हीच संमती मानली जाई. ही रीत आज जशीच्या तशी उचलता येणार नाही. संघातील मौन समानांचे होते. पगारपत्रकावर सही करणाऱ्यासमोरचे मौन बहुधा भीतीचे असते.

निवासी शाळेचे उदाहरण घ्या. पहाटेचा अभ्यासवर्ग अर्धा तास अलीकडे आणला, तर शिक्षक तासिका मोजतो, गृहपाल मुलांची झोप मोजतो, आणि स्वयंपाकीणबाई चूल कधी पेटवावी लागेल ते मोजते. सभेस बहुधा पहिल्यालाच बोलावणे असते. आमची सूचना एवढीच की असा प्रस्ताव प्रथम भोजनगृहात व वसतिगृहात वाचून दाखवावा, हरकती इतिवृत्तात नोंदवाव्यात, आणि हरकत अमान्य झाल्यास कारण लेखी द्यावे. लोणी काळभोरच्या पंचक्रोशीत व पुणे–सोलापूर मार्गालगत जे माजी विद्यार्थी आज कारखान्यांत पर्यवेक्षक आहेत, त्यांनीही पुढच्या पाळीबदलाचा कागद फलकावर लावण्यापूर्वी तो आधी रात्रपाळीच्या सफाई कामगारास वाचून दाखवावा.