नव्या ॲप्रनच्या निमित्ताने

राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत एमबीबीएसची नवी तुकडी दाखल होते आहे. 'नीट'चे गुण, प्रवेशफेऱ्या, कागदपत्रांची पळापळ संपली. पेढेही वाटून झाले. खरी कसोटी इथून पुढे आहे.

पहिल्या वर्षी मुख्य विषय तीनच: शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. डिसेक्शन हॉलमध्ये फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, पण मृतदेहाची धास्ती बहुतेकांची थोड्याच दिवसांत सरते. सरत नाही ती तोंडी परीक्षेची. परीक्षक हातात कॉलरबोन ठेवतात आणि विचारतात, डावे की उजवे? चपटे टोक खांद्याकडे, गोल टोक छातीकडे, खाच खालच्या अंगाला. सगळे पाठ असते. पण ते हाड स्वतःच्या अंगाशी धरून सलग सांगायची वेळ आली की तोंडातून शब्द फुटत नाही. फुटणार कसा? 'नीट'च्या तयारीत वर्षानुवर्षे चार पर्यायांतला एक गोल काळा करणे एवढेच शिकवले गेले. 720 गुणांच्या त्या परीक्षेत एक वाक्यही लिहावे लागत नाही. मग कधी पहिला नंबर न सोडलेली मुलगी पहिल्याच 'पार्ट कम्प्लिशन' चाचणीला नापास होते आणि घरी फोनवर 'बरं चाललंय' म्हणते.

मराठी माध्यमातून आलेल्यांची तर दुहेरी ओढाताण: बोलायचे, तेही इंग्रजीत. पण रुग्णाची भाषा त्यांची स्वतःची असते. उलट सरकारी महाविद्यालयांत 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या. त्यांवर परराज्यांतून आलेल्या मुलांना पुढे वॉर्डात 'कळ येते', 'ठणकतं' आणि 'चमक मारते' यांतला फरक उमगत नाही. वसतिगृहात ही दोघे एका खोलीत राहिली तर निम्मे काम फुकटात होईल!

2019च्या नव्या अभ्यासक्रमाने सुरुवातीला फाउंडेशन कोर्स आणला, त्यात भाषा आणि संवादही आहे. कल्पना चांगली. मात्र ते तास हजेरीपुरते उरकले तर उपयोग शून्य. मुलांना रोज पाच मिनिटे उभे करून बोलते करा, एक पान लिहून घ्या आणि ते तपासून परत द्या. पहिल्यांदा नापास झाल्यावर कुणाकडे जायचे, हेही पहिल्याच आठवड्यात सांगा. हुशार मुलाला आधार लागत नाही, ही समजूत महाविद्यालयांनी तरी सोडावी.

आणि घरच्यांनी? दिवाळीला पोर घरी आले की काका-मावशींनी रक्ताचे रिपोर्ट पुढे सरकवू नयेत. औषधशास्त्र दुसऱ्या वर्षाला असते.