चूल गाडीत नेताना

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण एका जागी न टिकणाऱ्या माणसाला म्हणतो. हल्ली मात्र हौसेनं बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडायची सोय झाली आहे. मोठ्या गाडीच्या पोटात दोघांपुरता बिछाना, हातभर ओटा, शेगडी, पाण्याची टाकी, एखाद्या गाडीत तर चिमुकलं न्हाणीघरसुद्धा! कॅम्परव्हॅन किंवा कॅराव्हॅन म्हणतात तिला. युरोप-अमेरिकेत ही हौस फार जुनी. आपल्याकडे महाराष्ट्र शासनानं २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि अशा गाड्यांची चर्चा वाढली. मुंबई-पुण्याकडे त्या भाड्यानं मिळतात.

तुमच्या घरीही हा बेत शिजत असेल, तर जरूर जा. पण निघण्याआधी एक हिशेब मांडून पाहा. हॉटेलात पैसे जातात, पण बाईचे हात सुटतात. फिरत्या घरात चूलच आपल्याबरोबर गाडीत चढून येते! "चहा टाकतेस ना?" हा प्रश्नही मागोमाग येतो. मग खिडकीबाहेर समुद्र असला काय आणि शेजारच्यांची गच्ची असली काय, आपल्याला सारखंच. म्हणून माझं सांगणं एवढंच, की गाडी ठरवण्याआधी चूल कुणाची ते ठरवा.

गेल्या माघात मुलांना आजीजवळ ठेवून आम्ही दोघं चार दिवस रायगडच्या किनाऱ्यानं मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंत गेलो. तुमच्या उपयोगी पडेल ते इथे देते.

घड्याळ समुद्राचं

घरी आपला दिवस दुधाच्या पिशवीपासून सुरू होतो. या किनाऱ्यावर तो भरती-ओहोटीवर बेतावा लागतो. अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधायला घेतलेला आणि पुढे आंग्र्यांनी गाजवलेला हा किल्ला ओहोटीला पायी चालत जाऊन पाहता येतो. आत गणपतीचं देऊळ आहे, चहूकडे खारं पाणी असताना गोड्या पाण्याची सोय आहे. पण पोळ्या आटोपून, डबे भरून, भांडी घासून निघालात, तर तोवर वाटेवर पाणी चढलेलं असायचं.

ओहोटीची वेळ काढायची किनाऱ्यावरची जुनी रीत आपल्या भिंतीवरच्या कालदर्शिकेवरही चालते. तिथीची पाऊणपट केली, की साधारण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्याआधी सहा तास, सकाळी नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. द्वितीयेला तीच ओहोटी सकाळी साडेसातच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाणाची भरती असते, तेव्हा ओहोटीही चांगली दूरवर जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा पाणी फारसं मागे हटत नाही. म्हणून किल्ला पाहायचा तर द्वितीया ते चतुर्थीच्या सकाळी सोयीच्या. अर्थात ही रीत अंदाजाची. पाण्यात पाय घालण्याआधी तिथल्या माणसाला विचारायचं आणि परतायची वेळही त्याच्याकडूनच ठरवून घ्यायची.

आम्ही पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी निघालो ते यासाठीच. द्वितीयेला नुसता चहा-बिस्किटं घेऊन साडेसातला किल्ल्यात होतो, आणि न्याहारी परत आल्यावर. आधी ओहोटी, मग चूल, हा नियम चारही दिवस पाळला.

वाट कशी

मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोट २०२० च्या मार्चपासून आहे. तासाभराचा प्रवास. गाडीची लांबी आधी कळवून भाडं विचारून ठेवा. पेण-वडखळचा रस्ता आहेच.

अलिबागेहून रेवदंडा, पुढे खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लई, काशीद, मुरूड, असं पन्नासेक किलोमीटर अंतर आहे. रस्ता अरुंद, दोन्ही अंगांनी वाड्यांचे गडगे, वर नारळीच्या झावळ्या आणि विजेच्या तारा. म्हणून फार उंच गाडी घेऊ नका. रेवदंड्याला पोर्तुगीजांच्या कोटातूनच रस्ता जातो. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमिश्रित बोली आजही घरात बोलली जाते. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली, पण भाषा राहिली. ती राहिली ती घराघरांत आयांनी मुलांशी बोलून, असं आपलं मला वाटतं!

मुरूडजवळच्या राजपुरीहून शिडाच्या होडीतून जंजिऱ्याला जायचं. सिद्दींचा हा किल्ला कधी कुणाला जिंकता आला नाही. पुढे १९४८ साली ते संस्थान भारतात विलीन झालं. होडीत चढता-उतरताना साडीपेक्षा सलवार-कमीज बरा.

मुरूडच्या पुढे आगरदांड्याहून दिघीपर्यंत खाडी ओलांडायला जंगलजेट्टी आहे. हे तिथल्या तरीचं नाव. तिच्यावर गाडी चढते, माणसं चढतात, दुचाक्या आणि मासळीच्या टोपल्याही चढतात. पाव तासात पैलतीर. तरीवर चढण्याआधी शेगडीचा सिलिंडर बंद आहे ना, कपाटांच्या कड्या लागल्या आहेत ना, एवढं पाहायचं.

दिघीहून दिवेआगर. १९९७ साली इथे सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपती सापडला. २०१२ साली दरोडा पडला, दोन पहारेकरी जिवानिशी गेले, मूर्ती गेली. २०२१ साली सुवर्णगणेशाची पुन्हा स्थापना झाली. दिवेआगरहून श्रीवर्धनपर्यंत शेखाडी, आरावीवरून जाणारा रस्ता तर समुद्राला खेटूनच आहे. या वाटेवर घाई करू नका आणि गाडी चालवणाऱ्याला बोलण्यात गुंतवू नका.

शेवटी हरिहरेश्वर. देवळामागची खडकांतली प्रदक्षिणा फक्त ओहोटीला, आणि तीही गावकऱ्यांना विचारून. तिथे लाटांनी माणसं ओढून नेली आहेत. एक फोटो काढायला म्हणून कडेला जाऊ नये, नवऱ्यालाही जाऊ देऊ नये.

मुक्काम आणि सावधगिरी

या किनाऱ्यावर कॅराव्हॅनसाठी तयार तळ ठिकठिकाणी भेटतील असं धरून निघू नका. आम्ही एक युक्ती केली. गावोगावी 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' अशा पाट्या असतात. तिथे विचारायचं, "अंगणात गाडी लावू का? न्हाणीघर वापरू का? रात्रीचं जेवण तुमच्याकडेच घेऊ." पैसे आधी ठरवायचे. बाईमाणसाला रात्री-अपरात्री सुरक्षित न्हाणीघर मिळणं ही चैन नव्हे, गरज आहे. निर्जन किनाऱ्यावर चांदण्यात झोपण्याचं चित्र छान दिसतं, पण झोप लागते ती माणसांच्या सोबतीनं.

आता न विसरण्याच्या गोष्टी:

वाळूत गाडी घालू नये. भरतीच्या पाण्यात रुतलेल्या गाड्यांच्या बातम्या आपण वाचतोच.

शेगडी पेटवताना दार-खिडकी उघडी हवी. काम झालं की नळी सिलिंडरपाशीच बंद. इंजिन चालू ठेवून, काचा लावून गार हवेत झोपणं तर जिवावरचं. विषारी धुराला वास नसतो, झोपेत कळतही नाही.

ताजी मासळी गाडीत रांधू नका. वास गादी-पडद्यांत मुरतो. मासळी खाणावळीत खावी, घरी न्यायला सोडे घ्यावेत.

साबणाचं पाणी विहिरीजवळ ओतू नये. कचरा पिशवीत बांधून, कचराकुंडी मिळेपर्यंत बरोबर न्यावा.

चूल कुणाची?

आता मूळ मुद्द्यावर येते. निघण्याआधी आठवडाभर आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. सकाळचा चहा आणि न्याहारी ह्यांची. दुपारी खाणावळ किंवा यजमानांच्या घरचं ताट. संध्याकाळचं हलकं काही माझ्याकडे. भांडी ज्यानं रांधलं नाही त्यानं घासायची. गाडी चालवणं ह्यांच्याकडे, तर वाट, ओहोटी, मुक्काम आणि खर्चाची वही माझ्याकडे. "तू बस, मी करतो," असं ऐनवेळी म्हणणारे नवरे पुष्कळ आहेत, पण ऐनवेळच्या त्या वाक्यावर बाई निर्धास्त होत नाही. कागदावर ठरलं की होते.

सामान बेतानं घेतलं. तांदूळ, मुगाची डाळ, कुळथाचं पीठ, मेतकूट, पोहे, तूप, लोणचं, लसणीची चटणी. कुळथाचं पिठलं दहा मिनिटांत होतं आणि गरम भाताबरोबर दुसरं काही लागत नाही. पोळ्यांचा घाट घालायचाच नाही. पोळपाट-लाटणं घरी ठेवलं, हे मी सर्वांत मोठं सुख मानते! अलिबागेच्या वाटेवर मोसमात पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या असतात. चवीला गोडसर. नुसता कांदा, पिठलं आणि भात, झालं जेवण.

पहिल्या सकाळी पोहे करताना ह्यांनी मला आठ वेळा हाक मारली. मीठ कुठे? मोहरी कुठली? पोहे भिजवायचे की धुवायचे? मी गाडीबाहेर खुर्ची टाकून बसले होते, तिथूनच उत्तरं दिली, उठले मात्र नाही. मैत्रिणींनो, हे न उठणं फार अवघड असतं. आपले हात आपोआप पुढे होतात, दोन मिनिटांचं तर काम, असं वाटतं. पण एकदा उठलं की चार दिवस उठावं लागतं. पोहे थोडे कोरडे झाले. आम्ही दोघांनी ते आनंदानं खाल्ले. तिसऱ्या दिवशी मला एकही हाक आली नाही, आणि पोहे मऊ झाले होते.

त्याच दिवशी संध्याकाळी दिवेआगरच्या वाळूत आम्ही तासभर बसलो. फी, सिलिंडरचा नंबर, सासूबाईंचा गुडघा, यांपैकी एकही विषय निघाला नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात आम्ही ज्या गोष्टी बोलायचो, त्यांतल्या दोन-तीन अजून शिल्लक आहेत, हे तिथे कळलं. रिकामे हात असले की माणूस बोलतो, हेच त्यामागचं कारण.

श्रीवर्धनला पेशवे बाळाजी विश्वनाथांचं गाव म्हणून आपण जातो. सुपारीसाठी ते त्याहून जास्त ओळखीचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं या पट्ट्यातल्या वाड्या भुईसपाट केल्या. सुपारीचं झाड लावल्यावर पाच-सहा वर्षं तरी फळाची वाट पाहावी लागते. तेव्हा घासाघीस न करता सुपारी घ्या, कोकम घ्या, खाणावळीतल्या वहिनींनी केलेल्या उकडीच्या मोदकांचे पूर्ण पैसे द्या. आपले हात सुटतात तेव्हा दुसऱ्या कुणा बाईचे हात राबत असतात. त्या श्रमाचं मोल आपल्याला नाही कळणार, तर कुणाला?

पावसाळ्यात हा बेत नको. समुद्र खवळलेला असतो, होड्या बंद असतात. कार्तिक ते फाल्गुन हे दिवस चांगले. कालदर्शिका काढा, द्वितीयेवर खूण करा, आणि गाडीवाल्याला फोन करण्याआधी कागद घेऊन दोघं समोरासमोर बसा. पहिल्या ओळीत लिहा: सकाळचा चहा कुणाचा?