दिवस नको, डिझाइन्स कापा

मंडळी, हातमागाच्या कापडावर स्वतःचं फॅशन लेबल चालवणारे माझे मित्र दिवाळीपासून उलटं मोजत वेळापत्रक आखतात: विक्री, त्याआधी शिवण, त्याआधी विणकाम. इथवर ठीक. पण उशीर दिसला की म्हणतात, "माणसं वाढवू!"

अहो, फ्रेड ब्रुक्सने १९७५ मध्येच सांगून ठेवलंय, रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी रखडतो. शिंपी वाढवता येतील एक वेळ, पण येवल्याची पैठणी? नक्षीनुसार काही आठवडे ते कित्येक महिने. एका मागावर दहा विणकर बसवणार कुठे?

म्हणून मागाचे दिवस कापू नका, डिझाइन्स कापा, तेही सूत रंगवण्याआधी. धनत्रयोदशीपूर्वी आलेले सात नग खपतील. भाऊबीजेनंतर आलेले बारा? भांडवल अडकलंच समजा!