सरासरी शिकवा, पण जालन्याची

पीकविमा का मिळाला नाही, या प्रश्नाचे उत्तर बी.कॉम.च्या सांख्यिकीच्या पुस्तकात आहे. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत मागील 7 वर्षांपैकी सर्वोत्तम 5 वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराने गुणले की उंबरठा उत्पादन ठरते. पीककापणी प्रयोगांतून निघालेले महसूल मंडळाचे सरासरी उत्पादन त्याहून कमी भरले, तरच उत्पादनावर आधारित भरपाई. समजा, पाच शेतांत एकरी 8, 8, 7, 6 आणि 1 क्विंटल सोयाबीन झाले. सरासरी आली 6. उंबरठा 5 असेल, तर क्विंटलभर पिकलेल्याच्या हाती काहीच पडत नाही. इथे मध्यक 7 आणि बहुलक 8. तिन्ही आकडे बरोबर आहेत, पण बुडालेला शेतकरी एकातही दिसत नाही. तो दिसावा म्हणूनच प्रमाण विचलन शिकायचे असते.

आपल्या वर्गांत मात्र ते सूत्र पाठ करून उत्तीर्ण होण्यापुरते उरले आहे. गणितांत काल्पनिक वर्गाचे गुण आणि काल्पनिक कारखान्याची मजुरी. जालन्याच्या बाजार समितीत मोसंबीचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर रोज नोंदवले जातात, पोलाद कारखान्यांची वीजबिले उत्पादनखर्च ठरवतात. यातले काही फळ्यावर येत नाही.

वि. म. दांडेकर हे सांख्यिकी आणि अर्थशास्त्र दोन्हींचे जाणकार. पीकविमा व्यक्तिगत शेताऐवजी क्षेत्र धरून द्यावा, हा विचार 1970 च्या दशकात त्यांनीच मांडला. 1983 मध्ये नेमलेल्या त्यांच्याच समितीने मराठवाड्याचा अनुशेष आकड्यांत मोजून दाखवला. त्या मोजणीवर मराठवाडा आजही हक्क सांगतो. ती तपासणारे पदवीधर मात्र घडवत नाही.

दोष एकट्या प्राध्यापकाचा नाही. तासिका तत्त्वावर राबणाऱ्याकडून प्रयोगशीलतेची अपेक्षा करायची, तर आधी रिक्त पदे भरा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने अर्थशास्त्र व व्यवसाय सांख्यिकीच्या अंतर्गत मूल्यमापनात जिल्ह्याच्या आकड्यांवरील प्रकल्प सक्तीचा करावा. कृषी विभागाने पीककापणीचे मंडळनिहाय आकडे महाविद्यालयांना द्यावेत आणि प्रयोगाच्या वेळी विद्यार्थ्यांना शेतात उभे राहू द्यावे. मंडळाची सरासरी चुकली असेल, तर मोर्चाआधी ती चूक मांडून दाखवणारा पदवीधर गावातच हवा.