वाचनसंकल्प : काही आक्षेप

नववर्षारंभी 'यंदा इतकी पुस्तके वाचीन' असा संकल्प सोडण्याची रीत आता आपल्या महाविद्यालयांतही रुजली आहे. राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने १ ते १५ जानेवारी २०२५ या काळात 'वाचन संकल्प महाराष्ट्राचा' हा उपक्रम राबविला. सामूहिक वाचन, पुस्तक-परीक्षण, लेखकांशी संवाद अशा गोष्टी त्यात होत्या. त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो संकल्पाला आपण अध्यापक जे रूप देतो त्यावर. हिंगोली जिल्ह्यातील पदव्युत्तर मराठीच्या विद्यार्थ्यांकडून मी वर्षाचे संकल्प लिहून घेतले. पंचवीस, चाळीस, पन्नास असे आकडे आले. एका विद्यार्थिनीने मात्र एकाच ग्रंथाचे नाव लिहिले : नामदेवांची गाथा. 'एवढेच?' असे मी तिला विचारले. त्या प्रश्नाची लाज वाटली म्हणून हे लिहीत आहे.

संख्येला वाचनाचे माप मानले की पुस्तक ही संपवायची वस्तू आहे, हे आपोआप गृहीत धरले जाते. शेवटचे पान उलटले की एक खूण करावयाची आणि पुढचे पुस्तक उचलावयाचे. वाचककेंद्री समीक्षेने नेमके हेच गृहीतक मोडीत काढले. संहितेतील रिकाम्या जागा वाचक भरतो, असे इझर सांगतो. रोलां बार्थ 'एस/झेड'मध्ये (१९७०) पुनर्वाचनाची बाजू घेतो ती वापरून टाकून देण्याच्या व्यापारी सवयीविरुद्ध. हे सिद्धांत आपण वर्गात शिकवितो आणि त्याच विद्यार्थ्यांच्या हाती जानेवारीत आकड्याचा रकाना देतो. 'गुडरीड्स' या संकेतस्थळाने २०११ मध्ये वार्षिक वाचन-आव्हान सुरू केले. २०१३ मध्ये ते संकेतस्थळच अ‍ॅमेझॉनने विकत घेतले. पुस्तके विकणाऱ्याला खपाचा हिशेब हवा असणे स्वाभाविक आहे. साहित्याच्या अभ्यासकाने त्याची खातेवही का वापरावी?

अर्थात हा रोग केवळ बाहेरून आलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी अध्यापकाच्या कामाचे गुणांकन सुरू केले आणि आम्ही लेख मोजू लागलो. जून २०१२ पासून 'नेट'ची तिसरी प्रश्नपत्रिकाही वस्तुनिष्ठ झाली. दीर्घ उत्तर लिहिण्याचे प्रयोजनच उरले नाही. परिणाम असा की शंभर कादंबऱ्यांची नावे, लेखक आणि प्रकाशनवर्षे ज्याला मुखोद्गत आहेत, पण एकाही कादंबरीशी ज्याचे भांडण झालेले नाही, असा अभ्यासक आपण घडवीत आहोत. आकड्याचा वाचनसंकल्प हे त्याच मनोवृत्तीचे घरगुती रूप होय.

यावर कोणी म्हणेल की मोजणे आपल्या परंपरेतही आहे. ज्ञानेश्वरीचे पारायण सात दिवसांत करतातच. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, पण तो आकडेवाद्यांच्या बाजूचा नाही. पारायणातील संख्या एकाच ग्रंथाच्या आवृत्तींची असते, वार्षिक यादीतील संख्या नव्या शीर्षकांची. पारायण वाचकाला त्याच ग्रंथाकडे परत आणते; यादी त्याला पुढे हाकलते. शिवाय पारायणासोबत कीर्तन असते आणि कीर्तनकार एका अभंगावर सारी रात्र उभा राहतो. पाठ यांत्रिक होण्याचा धोका त्या परंपरेनेही ओळखला होता. निरूपण हे त्यावरचे तिचे उत्तर होते. आपण पाठाचा वेग तेवढा उचलला आणि निरूपण टाकून दिले.

'संकल्प' हा शब्दही आपण अर्धाच घेतला आहे. पूजेच्या संकल्पात देश आणि काल यांचा उच्चार करून मगच हेतू सांगावा लागतो. आपला वाचनसंकल्प या तिन्हींविषयी मुका असतो. प्रथम देश आणि काल. हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन जिल्हा झाला. खेड्यातून बसने ये-जा करणाऱ्या आणि हंगामात शेतात राबणाऱ्या विद्यार्थ्याने चाळीस पुस्तके कोठून आणावीत, कोणत्या वेळी वाचावीत? आकडा मागणारा माणूस पुस्तक पुरवितोच असे नाही. मग मार्गदर्शिका चाळून रकाना भरला जातो. हा आळस नव्हे. आकड्याने शिकविलेला अप्रामाणिकपणा आहे.

हेतूचे उदाहरण त्या विद्यार्थिनीनेच पुरविले. परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानलेले नरसी याच जिल्ह्यात आहे. नामदेवांच्या नावावरील अभंगांत विष्णुदास नामा आदी उत्तरकालीन कवींची रचना मिसळली आहे, हे अभ्यासकांना ठाऊक आहे. 'गाथेतला नामा कोण?' हा तिचा प्रश्न होता. तो धरला की गाथा एकदा वाचून भागत नाही. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथाकडे जावे लागते. आज गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. त्यांची भाषा गाथेच्या भाषेहून निराळी का, हे पाहावे लागते. महिपतींच्या 'भक्तविजया'तील (१७६२) चरित्र गाथेतील आत्मपर अभंगांशी ताडून पाहावे लागते. मग पुन्हा गाथेकडे. एका ग्रंथाचे तीन झाले, पण ही संख्या प्रश्नाने ठरविली.

जो काहीच वाचत नाही त्याला आकडा निदान पुस्तकापर्यंत आणतो, हे मी नाकारीत नाही. शाळकरी मुलाने पुस्तके मोजावीत. सवय लागण्यापुरता तो पांगुळगाडा ठीक आहे. परंतु साहित्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला पांगुळगाडा देणे हा त्याचा अवमान आहे. तो देणारे आपण अध्यापकच स्वतःच्या वाचनाचा हिशेब प्रश्नांनी देऊ शकत नाही, हे यामागचे खरे दुखणे आहे.

म्हणून यापुढे संकल्पाच्या कागदावर मी तीनच गोष्टी विचारणार आहे : कोणता प्रश्न घेऊन वाचणार, कोणता ग्रंथ दुसऱ्यांदा वाचणार, आणि त्या ग्रंथाशी कोठे मतभेद झाला. तिसरे उत्तर वर्षाअखेरीस लिहावयाचे आहे. पहिला कागद माझा असेल. आणि 'एवढेच?' हा प्रश्न मला विचारण्याचा अधिकार त्या विद्यार्थिनीचा राहील.