दोन टक्क्यांच्या आधीचे कर्तव्य

भागधारकांच्या पैशातून समाजकार्य करणे हा संचालकांचा अधिकारातिक्रम होय, असा जो पक्ष अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1970 साली हिरिरीने मांडला, त्याचे अनुयायी आपल्याकडेही थोडे नाहीत. परक्याच्या द्रव्यावर औदार्याचा लौकिक मिळवू नये, एवढा त्यातील अंश मला मान्य आहे. परंतु नफा केवळ भांडवलातून उपजतो, हे जे त्यामागचे गृहीत, ते हिंगोलीच्या मोंढ्यात क्षणभरही टिकत नाही.

वसमत, कळमनुरी, औंढा या तालुक्यांत हळद काढल्यावर ती शिजवावयाची, उन्हात वाळवावयाची, ढोलात घालून पॉलिश करावयाची, आणि हळकुंड व गड्डा निरनिराळे करून पोती शिवावयाची, ही सारी मेहनत शेतकऱ्याच्या घरची. वाळत घातलेल्या मालावर अवकाळीची एक सर आली की रंग जातो आणि लिलावात भाव उतरतो, तो तोटाही त्याचाच. वसमत हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे तिचा गुण या भूमीचा आहे हे सरकारदप्तरी दाखल झाले. असे असता, ही हळद दळून विकणारी कंपनी परमुलखातील असली, तर तिच्या सामाजिक खर्चाच्या तजविजीत हा शेतकरी 'स्थानिक' गणला जात नाही. कारण कंपनी कायद्याचे कलम 135 मोठ्या कंपन्यांस तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के खर्चावयास सांगते व कार्यक्षेत्राच्या परिसरास प्राधान्य देते, आणि कंपनीचे धुराडे तर येथे नाही.

यावर प्रतिपक्ष म्हणेल की, या शेतकऱ्याकडून होणाऱ्या खरेदीतील सुधारणा हा नित्य व्यवसाय असून तो त्या दोन टक्क्यांत धरता येत नाही. अगदी खरे, आणि माझे म्हणणेही हेच आहे की, हे कर्तव्य त्या दोन टक्क्यांच्या आधीचे आहे. त्याच कायद्याचे कलम 166 संचालकांस सभासदांबरोबर कर्मचारी, समाज व पर्यावरण यांच्याही हितार्थ सद्भावाने वागण्यास बांधते, तेथे नफा झाल्यावर पाहू, ही सवलत नाही. शाळेला संगणक देऊन काट्यावरील अन्याय फिटत नाही.

तेव्हा कंपनीने लागवडीपूर्वी गावात बैठक घ्यावी. कोणत्या औषधाचा अंश सापडल्यास माल नाकारला जाईल, हे तेव्हाच सांगावे. नमुन्याची प्रतवारी धन्यासमक्ष करावी व पट्टीची रक्कम मुदतीत चुकती करावी. बैठकीस हमाल व हळद निवडणाऱ्या स्त्रियाही असाव्यात, आणि तिचे इतिवृत्त मराठीत लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावे, ज्यात नाकारलेल्या प्रत्येक मागणीचे कारण नमूद असेल.