वाट कोणी फोडली?

आपल्या वस्तीतील तरुणांच्या तोंडी हल्ली लडाखचे नाव ऐकू येते. मोटारसायकलवर लेहला जायचे, खारदुंग ला घाट ओलांडायचा, जिथे कोणी गेले नाही तिथे गाडी घालायची! पोरांनी जग पाहावे असेच आम्हाला वाटते. आपल्या आजे-पणज्यांना गावची वेस ओलांडतानाही विचार करावा लागे. म्हणून आम्ही कोणाला अडवणार नाही. दोन गोष्टी मात्र सांगू.

पहिली जिवाची. लेह सुमारे 3,500 मीटर उंचीवर आहे, खारदुंग ला 5,359 मीटरवर. तिथे दर श्वासाला समुद्रकाठच्या जवळजवळ निम्माच प्राणवायू मिळतो. डोके दुखते, मळमळते, धाप लागते. तरीही हट्टाने वर जात राहिले, तर फुप्फुसात पाणी होऊन किंवा मेंदूला सूज येऊन माणूस दगावू शकतो. धडधाकट तरुणालाही हा आजार सोडत नाही. म्हणून लेहला निदान दोन दिवस विश्रांती घ्यावी. त्रास वाढला तर लगेच खाली उतरावे; मित्र हसले तरी उतरावे. घरी आई वाट पाहत असते.

दुसरी गोष्ट त्या वाटेची. कोणी न गेलेली वाट म्हणतात, पण चांगथांगच्या पठारावर चांगपा मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या कळप घेऊन फिरत आले आहेत. घाटातले रस्ते 1960 साली स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेने बांधले. तिथे खडी फोडणारे, डांबर ओतणारे अनेक हात झारखंडच्या दुमका भागातील गरीब मजुरांचे आहेत. 2020 च्या टाळेबंदीत लडाखमध्ये अडकलेल्या अशा 60 मजुरांना मे महिन्यात विमानाने रांचीला आणावे लागले. जूनमध्ये दुमक्याहून खास रेल्वेगाडीने मजूर पुन्हा त्याच कामावर निघाले. पोट थांबू देत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

घाटमाथ्यावरच्या पाटीवर उंची लिहिलेली असते. या मजुरांची नावे नसतात. पाटीजवळ फोटो जरूर काढा. पण रस्त्याकडेला घमेले घेऊन उभा असलेला माणूस दिसला, तर गाडी हळू करा, धूळ उडवू नका. जमल्यास थांबून त्याचे गाव विचारा. आणि रस्ता सोडून कुरणात गाडी घालू नका. ते विरळ गवत मेंढपाळाच्या कळपाचे अन्न आहे.

तरुणांनो, खुशाल जा. ज्यांनी वाट फोडली त्यांची ओळख करून घेऊन परत या.